दहा मिनिटांची विश्रांती

मांडीवरचा फोन थरथरला तेव्हा दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती आणि वेल्सच्या संसदेतली आमची समिती बसच्या कायद्याच्या मसुद्यातल्या सव्विसाव्या दुरुस्तीवर होती. समितीची अध्यक्ष मी. बैठकीत कोणी फोन बघायचा नाही हा नियमही माझाच, म्हणून मी तो टेबलाखाली बघितला. गेथिनचा निरोप होता. ‘नीथच्या पुढे गाडी उभी आहे. रुळांवर मेंढ्या. थट्टा नाही, खरोखरच्या मेंढ्या.’ मी फोन पालथा घातला आणि सव्विसावी दुरुस्ती मतास टाकली. आवाज नेहमीसारखाच निघाला. आम्ही सात जण. त्रेचाळिसाव्या दुरुस्तीला चार जण बाजूनं होते आणि तीन विरोधात, आणि त्या चारांतला एक आत्ता गाडीच्या खिडकीतून मेंढ्या मोजत होता. उरले तीन आणि तीन. वेल्समध्ये उद्या मेंढ्यांनी सरकार पाडलं तरी मला नवल वाटणार नाही, असं बाबा म्हणायचे. आज ते त्यांच्याच बसवर आलं होतं.

त्रेचाळिसावी दुरुस्ती माझीच होती. तीन ओळींची. रुग्णालयाला जाणारी कुठलीही बस, तितकीच चांगली दुसरी सोय केल्याशिवाय बंद करता येणार नाही. एवढंच. त्या तीन ओळींसाठी मी चौदा महिने घालवले होते, किती थांब्यांवर, किती चर्चच्या थंडगार मागच्या खोल्यांत, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी उभं राहून लोकांचं ऐकून घेतलं होतं. आणि त्या तीन ओळींत आमच्या खोऱ्यातली एकाहत्तर नंबर होती. एप्रिलपासून ती बंद होणार असा कागद थांब्याच्या खांबाला चिकटवलेला होता. एकाहत्तर नंबरनं मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी सात दहाला माझे बाबा, इद्वल प्रॉसर, वय एक्याऐंशी, मूत्रपिंडाच्या यंत्राला जोडून घ्यायला रुग्णालयात जात. रुग्णालयाची स्वतःची गाडी आहे. पण ती ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी, आणि मी चालतो, असं त्यांचं म्हणणं. बस गेली तर त्यांना घर सोडून गावात रुग्णालयाजवळच्या एखाद्या खोलीत राहायला जावं लागणार होतं. पंचावन्न वर्षांचं घर. मी एकदा तो विषय काढला, तर म्हणाले, “जाईन की. तू मला उचलून नेशील तेव्हा.” आणि उठून किटली ठेवली.

म्हणून सकाळी बैठक सुरू होताना मी उभी राहून सांगितलंही होतं. आमच्याकडे तशी रीत आहे. ज्या विषयात तुमचं काही गुंतलंय ते आधी मोकळेपणानं बोलून टाकायचं. शेतकरी सदस्य गाई मोजतो, वकील सदस्य जुनी अशिलं सांगतो. मी आमच्या वेल्श भाषेत म्हणाले, “माझे वडील एकाहत्तर नंबरचे प्रवासी आहेत, आणि त्याआधी एकतीस वर्षं ते तिचे चालक होते.” समोर डंकन फिप्सनं कानाला भाषांतराचं यंत्र लावलेलं होतं. माझं वाक्य संपल्यावर दोन सेकंदांनी त्याच्या भुवया वर गेल्या, आणि मग तो हसला. डंकन आमच्या समितीतला माझा सगळ्यात कडवा विरोधक, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला सदस्य. प्रत्येक कागद वाचून येतो. असा विरोधक असला की माणसाला धड आजारीही पडता येत नाही. या बैठकी थेट दाखवल्या जातात आणि बाबा त्या बघतात हे मला ठाऊक होतं. आज गुरुवार. म्हणजे या क्षणी ते यंत्राशेजारच्या खुर्चीत डावा हात पसरून बसले असणार आणि नर्सनं तिचा टॅबलेट त्यांच्यासमोर उशीला टेकवून ठेवला असणार. काल फोनवर म्हणाले होते, “बैठकीत माझं नाव घेऊ नकोस. लोक म्हणतील इद्वलनं पोरीला बसच्या कामाला लावलंय.” मी म्हटलं, नियम आहे, घ्यावंच लागतं. त्यावर म्हणाले, “नियम असेल तर घे.”

नियम. हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरपुडीच्या डबीसारखा टेबलावरच असायचा. मी नऊ वर्षांची असेन. मार्च महिना, शनिवार, खोऱ्यातून वारा असा यायचा की टोपी हातात धरूनच चालायचं. मी आणि आई बाजाराला गेलो होतो, मला शाळेचे बूट घेतले होते. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या. बटाटे, कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या जुड्या, आणि ब्रेडला लावायचं मीठवालं लोणी. दुकानदारानं बोलण्यात अडकवलं आणि उशीर झाला. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तेव्हा बस थांब्यावर उभी होती, आमची बस, बाबांची बस, आणि तिचं दार बंद होत होतं. आई पळायला लागली. मी माझ्या आईला त्याआधी कधी पळताना बघितलं नव्हतं. पिशव्या दोन्ही बाजूंना झुलत होत्या, एक बटाटा उडी मारून रस्त्यावर गेला. बाबांनी आरशात बघितलं. मला आरशात त्यांचे डोळे दिसले, अगदी स्पष्ट, आणि त्यांनाही मी दिसले. मग बस हलली. चार वाजून पाच मिनिटांनी सुटायची ती चार वाजून पाच मिनिटांनी सुटली. आई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, वाऱ्यात, आणि तिच्या तोंडून फक्त “अहो!” एवढंच निघालं. पुढची बस तासानं.  माझे नवे बूट चावत होते. आई चार दिवस बाबांशी बोलली नाही, ताट समोर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मी त्यांना विचारलं, “बाबा, तुम्ही का थांबला नाहीत? आम्ही दिसलो होतो ना?” ते म्हणाले, “दिसला होतात.” बस्स. पुढं काही नाही. त्या उत्तरावर मी खरं म्हणजे चाळीस वर्षं रागावलेले आहे. आणि पाचव्या दिवशी काय झालं? चर्चच्या चहाच्या वेळी आई बायकांच्या घोळक्यात ताठ उभी राहून सांगत होती, “आमचे हे, माझ्यासाठीसुद्धा थांबले नाहीत!” असं सांगत होती की जणू बाबांनी तिला हिऱ्याची अंगठी घातलीय. मला तेव्हा दोघांचाही भयंकर संताप आला होता.

“एकतिसावी,” माझ्या डाव्या हाताला बसलेली मॅरेड हळूच म्हणाली. मॅरेड आमची समिती सचिव. बारीक चणीची, बारीक आवाजाची, आणि तिच्या डोक्यात सगळी नियमावली. मी एकतिसावी पुकारली. हात वर झाले, हात खाली आले. मला ही खोली आवडते, हे मी कोणाला सांगत नाही. बाहेर काचेपलीकडे खाडीचं करडं पाणी, आत गोल टेबल, पाण्याचे जग, भिंतीपाशी काचेच्या पेटीत बसलेले दुभाषी. काही थाटमाट नाही. पहिल्या दिवशी इथं आले तेव्हा पायाखालची पाटीच्या दगडाची फरशी बघून मी चक्क खाली वाकून हात लावला होता. खाणीत राबलेल्या आमच्या आजोबांच्या फुफ्फुसात याच दगडाची धूळ भरली होती. तो इथं घासून-पुसून जमिनीवर अंथरलेला, आणि त्यावर आम्ही चालतो आणि आमच्या भाषेत भांडतो. माझ्या शाळेत वेल्श बोललं तर बाई तोंड वाकडं करायच्या, आणि आता लंडनहून कोणी साहेब साक्ष द्यायला आला की कानात यंत्र घालून आमचं बोलणं ऐकत बसतो. ही संसद आम्हाला मिळाली ती केवढ्याशा फरकानं! ती हवी की नको यावर मतदान झालं त्या वर्षी कौल शेवटच्या जिल्ह्यापर्यंत लटकलेला होता. आमच्या गावात अर्धे लोक बाजूनं, अर्धे विरोधात, आणि आमच्या घरातसुद्धा तसंच. आईनं बाजूनं मत दिलं, बाबांनी विरोधात. “आणखी एक कचेरी,” म्हणाले होते. पण कौल लागला तेव्हा त्यांनी टोपी काढून आईला म्हटलं, “तुझी बाजू जिंकली. आता ते नीट चाललं पाहिजे.” ते ‘नीट’ मी उचललं. लोक विचारतात राजकारणात कशी आलीस, तर खरं उत्तर हेच आहे.

अकरा वाजून बारा मिनिटांनी फोन परत थरथरला. ‘सुटली! पावणेबारापर्यंत पोचतो. काहीही करून रेट!’ आम्ही अडतिसावीवर होतो. सरळ चाललं तर साडेअकराच्या आत त्रेचाळिसावी येणार. मधे वीस मिनिटं. फक्त वीस. मॅरेडनं ते माझ्या तोंडावर वाचलं असणार, कारण तिनं एक कागद माझ्याकडे सरकवला आणि ओठ न हलवता म्हणाली, “अध्यक्षांना दहा मिनिटांची विश्रांती जाहीर करता येते. कारण द्यावं लागत नाही. आणि कॉफीच्या रांगेत दहाची वीस होतातच.” मी तिच्याकडे बघितलं. तिनं जगमधून पाणी ओतून घेतलं. मॅरेड कधीच सल्ला देत नाही, ती फक्त काय करता येतं ते सांगते, आणि यात बेकायदा काही नव्हतं. कोणी विचारलंही नसतं. म्हातारी माणसं आहोत, अडीच तास बसलोय, विश्रांती घेतली. झालं. मला खरंच लघवीला जायचं होतं. हे मी लिहिते कारण त्या क्षणी मला ते दैवी संकेतासारखं वाटलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. पंधरा दिवसांपूर्वी, याच कायद्यावर, याच खोलीत, डंकनची एक दुरुस्ती होती. रुग्णालयाच्या प्रत्येक बसथांब्यावर छप्पर आणि बाक सक्तीचे करावेत. त्याच्या बाजूनं चार, विरोधात तीन. विरोधातली एक मी, कारण नगरपालिकांकडे मुळात बस चालवायलाच पैसे पुरत नाहीत. त्याच्या बाजूची रोझालिंड दंतवैद्याकडे अडकली होती. डंकन मला म्हणाला होता, अगदी सभ्यपणे, “अध्यक्षबाई, पाच-दहा मिनिटं विश्रांती घेतली तर? रोझालिंड जिन्यात पोचलीच आहे.” आणि मी, नेरिस प्रॉसर, घड्याळाकडे बघून म्हणाले होते, “वेळ म्हणजे वेळ, डंकन. कार्यक्रमपत्रिका सगळ्यांना सारखीच मिळते.” त्याची दुरुस्ती तीन-तीनवर आली. आणि आमच्याकडे तीन-तीन झालं की अध्यक्षानं निर्णायक मत विरोधात द्यायचं. मनाला वाटेल तसं नाही, विरोधातच. ज्याला बहुमत मिळालं नाही ते एकट्या अध्यक्षाच्या हातानं कायद्यात शिरता कामा नये, म्हणून. डंकनचा बाक पडला. तेव्हा नियम माझ्या सोयीचा होता आणि मी तो मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवला होता. रोझालिंड दोन मिनिटांनी आली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता बसली. तिला बोलता येतच नव्हतं म्हणा.

आज ती माझ्या समोरच बसली होती, गाल बरा झालेला. तिला गेथिनचं ठाऊक असणार. त्याची खुर्ची रिकामी होती, त्याच्या नावाची पाटी खोलीभर ओरडत होती. डंकननं पेन खाली ठेवलं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. टवाळीनं नाही. नुसता बघत होता, बसच्या थांब्यावर माणूस रस्त्याच्या टोकाकडे बघतो तसा. आता काय करते ही? मला त्याचा राग आला. मला मेंढ्यांचा राग आला. मला बस बंद करणाऱ्या कंपनीचा, मॅरेडच्या बारीक आवाजाचा आणि सगळ्यात जास्त बाबांचा राग आला, की तुम्ही चालता, तुम्हाला रुग्णालयाची गाडी नको, तुम्हाला बसच हवी, आणि मला इथं बसून नऊ वर्षांच्या पोरीसारखं आरशात बघायला लावता.  चाळिसावी झाली. एक्केचाळीस मागे घेतली गेली. बेचाळीस एकमतानं. घड्याळात अकरा वाजून एकवीस. मी पाण्याचा घोट घेतला. 

“दुरुस्ती त्रेचाळीस,” मी म्हणाले. “माझ्या नावावर आहे. मी ती मांडते. बाजूनं कोण?”

तीन हात वर झाले. सिओनेडचा, म्हाताऱ्या हॅडनचा आणि माझा. माझा हात मी पूर्ण वर केला, कोपर न वाकवता, शाळेत उत्तर येत असलं की करायचे तसा. कॅमेरा डाव्या कोपऱ्यात असतो, मी तिकडे बघितलं नाही. विरोधात तीन. मॅरेडनं मोजले, लिहिले, आणि छापील वाक्याची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली, जरी ते वाक्य मला पाठ होतं. चिठ्ठी ठेवताना तिचं बोट क्षणभर माझ्या बोटाला लागलं. मी वाचलं, “समसमान मतं पडल्यामुळे मी माझं निर्णायक मत नियमाप्रमाणे विरोधात देते. दुरुस्ती त्रेचाळीस नामंजूर झाली आहे.”  शब्द सगळे आले. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. मला वाटलं होतं की मला रडू येईल, लाज वाटेल, काहीतरी तुटेल आत. तसं काही झालं नाही. उलट पाठीचा कणा एकेक मणका करून ताठ होत गेला. मी जे चौदा महिने मागितलं ते मीच माझ्या हातानं पाडलं होतं, आणि खोलीतल्या एकाही माणसाला माझ्याकडे बोट दाखवता येणार नव्हतं. मला अभिमान वाटला. सांगायला ओशाळं वाटतं, पण वाटला. “चव्वेचाळीस,” मी म्हणाले. पावणेबाराला गेथिन धावत आला, घामाघूम, टाय खांद्यावर. मतांचा तक्ता बघून त्यानं मला डोळ्यांनीच शिव्या घातल्या, आणि बाहेर कॉफीच्या रांगेत तोंडानंही घातल्या. “संत नेरिस!” म्हणाला. “तुझ्या नावानं विहीर खणून घे एखादी, लोक नवस बोलायला येतील.” त्याचंही बरोबर होतं.

बाबांचा फोन आला नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शुक्रवारी मी खोऱ्यात असते, लोकांना भेटते. खाटकाच्या दुकानात गेले तर ग्विनेथ, माझ्या वर्गातली, कीमा तोलताना म्हणाली, “काय गं, आधी बाजूनं हात वर केलास नि मग विरोधात? शाळेतही तुला डावं-उजवं कळत नव्हतंच.” रांगेतले हसले. मी नियम सांगायला लागले. ती म्हणाली, “असेल बाई नियम. माझ्या सासूला सांग तो, ती एकाहत्तरच्या थांब्यावर उभी आहे.”  कायद्याची तिसरी फेरी अजून बाकी आहे, सगळ्या सभागृहात ती परत मांडता येते, तिथं मी साधी सदस्य असेन, असं मी सांगितलं. पण ‘तिसरी फेरी’ हे शब्द कीम्याच्या काट्यावर ठेवले तर काही वजन भरत नाही, हे मलाही दिसत होतं.

शनिवारी मी रुग्णालयात गेले. बाबांची यंत्रावरची वेळ संपत आली होती. त्यांचा चेहरा नेहमी त्यानंतर धुतलेल्या कपड्यासारखा दिसतो. मी शेजारी बसले. आम्ही रग्बीवर बोललो, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. मला वाटलं, हे असंच जाणार, आई चार दिवस बोलली नव्हती, हे चार वर्षं बोलणार नाहीत. नर्स हाताची पट्टी बांधून गेली. बाबा कोटाची बटणं लावत होते, खालून वर, हळूहळू, आणि मान वर न करता म्हणाले, “तुझी मिसेस बेव्हन कोण होती?”

“कोण मिसेस बेव्हन?”

“सांगतो. त्या दिवशी, तुझ्या बुटांच्या दिवशी, सकाळच्या फेरीला मिसेस बेव्हन पळत आली होती. पाय अधू होता तिचा. मी नाही थांबलो. वेळ झाली होती, वर रुग्णालयाच्या भेटीची वेळ धरायची असते लोकांना. सोडून गेलो तिला. आणि संध्याकाळी तुम्ही दोघी.” त्यांनी वरचं बटण लावलं. “आईसाठी थांबलो असतो तर मिसेस बेव्हनला कुठल्या तोंडानं भेटलो असतो? पण हे तेव्हा सांगता येईना. सांगितलं असतं तर तुझी आई म्हणाली असती, मग काय मिसेस बेव्हनशी लग्न करायचं होतंत.” ते हसले, खोकले. “परवा तू त्या चिठ्ठीवरून वाचत होतीस, तेव्हा मी नर्सला म्हटलं, हिनं आधी कोणालातरी सोडलेलं असणार. त्याशिवाय असं होत नाही.”

मी म्हटलं, “रोझालिंड. दंतवैद्याकडे गेली होती.” आणि मग मात्र मला रडू आलं, रुग्णालयाच्या त्या हिरव्या खुर्चीत, एक्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या कोटात तोंड खुपसून, चोपन्नाव्या वर्षी. बाबा पाठीवर थोपटत म्हणाले, “पुरे, पुरे. बस चुकेल.” मग थोड्या वेळानं, दुसरीकडेच बघत, “मी त्या वर्षी तुमच्या संसदेच्या विरोधात मत दिलं होतं. आता मोजणी परत घेत नाहीत, नाही का?”

पाच आठवड्यांनी तिसरी फेरी आली, लाकडी छताखालच्या मोठ्या सभागृहात. तिथं अध्यक्षस्थानी दुसरं कोणी होतं आणि मी माझ्या बाकावर, हाताशी फक्त मत द्यायचं बटण. गेथिन सकाळी सातपासूनच इमारतीत येऊन बसला होता. मी माझ्या तीन ओळी परत मांडल्या. मग डंकन उभा राहिला, कागद न घेता. “मला ही दुरुस्ती अजूनही महाग वाटते,” म्हणाला. “समितीत मी विरोध केला आणि ती पडली. पण ती कशी पडली ते मी पाच फुटांवरून बघितलंय. अध्यक्षांना थांबता आलं असतं. त्या थांबल्या नाहीत, कारण पंधरा दिवसांपूर्वी त्या माझ्यासाठी थांबल्या नव्हत्या. ज्यांनी स्वतःची मागणी इतक्या प्रामाणिकपणे हरवली, त्यांची मागणी मी परत एकदा घरी नेऊन वाचली. तीन वर्षांनी फेरविचार घाला. मग माझं बटण तुमच्या बाजूला.” फेरविचाराची ओळ त्यानं आधीच रीतीनं मांडून ठेवलेली होती, अर्थातच, डंकनच तो. ती घातली गेली. दुरुस्ती पाच मतांनी मंजूर झाली. त्याच दुपारी त्याचा बाक-छप्पराचा विषय आला आणि मी बाजूचं बटण दाबलं. आमच्यात काही सौदा झाला नव्हता, एका शब्दानं बोलणं नव्हतं. मला फक्त बाबा त्या थांब्यावर उभे दिसत होते, धुतलेल्या चेहऱ्यानं, आणि मी सात आठवडे उशिरा का होईना, तो कागद नीट वाचला होता. तोही झाला. बाहेर पडताना रोझालिंड म्हणाली, “आता दात काढायला हरकत नाही.”

त्यानंतरच्या शनिवारी मी बाबांना आणायला निघाले. खांबावरचा बंदचा कागद कोणीतरी टरकावून टाकला होता, चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे राहिले होते. बाबांना थांब्याकडे पुढे पाठवून रुग्णालयाच्या दुकानात मी त्यांच्यासाठी तव्यावरचे केक घेतले, आणि दुकानातल्या बाईनं ओळखलं, अभिनंदन केलं, हात हातात घेतला, तिच्या बहिणीचं, बहिणीच्या गुडघ्याचं सगळं सांगितलं. मला ऐकायला आवडत होतं, का नाही आवडणार! बाहेर आले तर एकाहत्तर थांब्यावर उभी, आणि दार बंद होत होतं. मी पळाले. चोपन्नाव्या वर्षी, टाचेच्या बुटांत, केकची पिशवी छातीशी धरून. “कॅरिस!” मी ओरडले. स्टिअरिंगवर कॅरिस होती, बाबांनीच शिकवून तयार केलेली पोरगी. तिनं आरशात बघितलं. मला तिचे डोळे दिसले. आणि तिच्या मागच्या पहिल्याच सीटवर, खिडकीशी, बाबा. त्यांनी फक्त हात पुढे करून तिच्या खांद्यावर टिचकी मारली असती तरी पुरे होतं.

त्यांनी मला बघितलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी उजवा हात वर केला, पूर्ण वर, कोपर न वाकवता, आणि बस सुटली. वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच वर होता. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसत होते, मोठ्यानं, आणि माझ्या तोंडून निघालं, “अहो!” पुढची बस बारा चाळीसला होती, पाटीवर तसं छापलेलं होतं. बाक अजून यायचा होता. मी उभीच राहिले.